पोराचा मोबाईल रोज चेक करायचा की नाही?

पोळीभाजी: लेक सहावीत आहे. परवा त्याचा फोन चार्जिंगला लावताना गेमचं चॅट उघडं दिसलं, कोणीतरी 'दादा' गेममधले डायमंड देतो म्हणतोय, आधी शाळा कुठली विचारलंय, मग युनिफॉर्ममधला फोटो मागितलाय आणि शेवटी 'मम्मीला सांगू नको'. हातपायच गळाले माझे. फोन काढून घेतला, कपाटात कुलपात ठेवलाय, यापुढे दिला तरी रोज चेक करणार. नवरा म्हणतो अति करतेस. तुम्ही काय केलं असतं?

बाराखडी७६: हेच. सहावीतल्या पोराला कसली आलीय प्रायव्हसी! ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना सोशल मीडियाचं अकाउंटच बंद केलं, ते काय येडे आहेत? लांब कशाला, आमच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावने २०२२ मधे सुरू केलं, संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद.

उंटावरचा: वडगावात भोंगा वाजला की आईबापांनी पण मोबाईल ठेवायचा असतो हो, एकट्या पोराने नाही. आणि साडेआठला फोन हातात आला की तो 'दादा' आहेच की तिथे. ताई, राग मानू नका, पण लेकाने तुम्हाला सांगितलं का नाही? फोन जाईल म्हणून. आणि गेलाच. फोन घेण्यापेक्षा त्याच्याशी मोकळं बोला. माझ्या भाचीच्या फोटोची कोणीतरी घाण करून तिला धमकावत होता, तीन आठवडे पोरगी गप्प, जेवण तुटलं तेव्हा कळलं, कारण हेच, घरचे फोन घेतील. बरं ते चॅट डिलीट नाही ना केलंत? आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढून मगच ब्लॉक करायचं, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार करताना तेच लागतात. चाइल्डलाइन १०९८ पण आहे.

पोळीभाजी: केलं हो डिलीट, त्याच रात्री रागाच्या भरात.

बाराखडी७६: भाचीकडे फोन नसता तर हे झालंच नसतं ना.

डोंबिवली_फास्ट: मोकळं बोला मोकळं बोला, पण जी आई रात्री आठला लोकलमधून उतरते तिने बोलायचं कधी, कुकर लावताना? फॅमिली लिंक लावा, गूगलचं पोरांच्या फोनवर लक्ष ठेवायचं अ‍ॅप, विषय संपला.

उंटावरचा: नाही संपत. फॅमिली लिंक किती वेळ वापरला ते दाखवतं, अ‍ॅप अडवतं, गेममधलं चॅट वाचून दाखवत नाही. आमच्याकडे आहे. आणि कुकर लावतानाच बोलायचं, समोरासमोर बसवलं की पोरं तोंड उघडत नाहीत.

पोळीभाजी: काल भाजी निवडायला बसवलं त्याला आणि न ओरडता विचारलं. म्हणाला वर्गातल्या अजून एकाला पण तोच दादा मेसेज करतो, आणि त्याने फोटो पाठवलाय. पण त्याच्या आईला सांगू नको म्हणतोय, त्याचा पण फोन जाईल. वचन घेतलंय माझ्याकडून.

बाराखडी७६: वचन गेलं खड्ड्यात, आत्ताच्या आत्ता फोन लावा त्या बाईंना.

उंटावरचा: यावेळी बाराखडींशी सहमत. फक्त आधी लेकाला सांगा की तुम्ही सांगणार आहात, आणि त्या बाईंना म्हणावं चॅट डिलीट करू नका.