मदत हवी आहे: आयआर (इन्फर्मेशन रिट्रीव्हल, म्हणजे कलेक्शनमधून हवी ती डॉक्युमेंट्स शोधणं) कोर्सच्या रिसर्च पेपरचं ॲनालिसिस, मॉडेलच्या सेक्शनवर अडकलेय

अबोली_कोथरूड
शुक्रवारी सबमिशन आहे आणि मी मॉडेलच्या सेक्शनवर अडकलेय. इंट्रो, मागचं काम वगैरे वाचून झालं, ते कळतंय, पण पुढे दोन गुणाकार आहेत, एक क्वेरीतल्या (शोधासाठी टाकलेल्या) शब्दांचा आणि एक क्वेरीत नसलेल्या शब्दांचा, हा दुसरा कशाला हवा? आणि मध्येच रिस्क कुठून आलं? सरांना विचारलं तर म्हणाले सगळं पेपरमध्येच आहे, नीट वाच. कुणी वाचलाय का? प्लीज लवकर सांगा.

वारज्याचा_विनू
पेपर कुठला ते तरी सांगा. आणि ॲनालिसिस म्हणजे सारांश हवाय की क्रिटिक?

जुना_प्राध्यापक
कुठलाही असो, आधी वाचायची पद्धत बदला. एस. केशव यांचा २००७ चा छोटा लेख आहे, पेपर तीन फेऱ्यांत वाचायचा. पहिल्या फेरीत शीर्षक, ॲबस्ट्रॅक्ट, मथळे, निष्कर्ष, पाच-दहा मिनिटांत उरकायचं. दुसरीत आकृत्या आणि तक्ते. गणितात शिरायचं ते तिसरीत. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगत आलोय.

अबोली_कोथरूड
पोंटे आणि क्रॉफ्टचा, १९९८, सिगिर परिषदेतला, लँग्वेज मॉडेलवाला (म्हणजे प्रत्येक डॉक्युमेंटवरून शब्दांच्या प्रॉबॅबिलिटी काढणारा). क्रिटिक हवंय, दोन पानं. सर, मी फेऱ्या मारूनच इथपर्यंत आलेय, मला फॉर्म्युला कळत नाहीये.

औंध_रीडर
पेपर डाउनलोड होत नसेल तर विद्यापीठात जयकर ग्रंथालयात जाऊन बसा, शांतता असते, काम होतं.

वारज्याचा_विनू
अहो, पेपर आहे तिच्याकडे.

मेधा_चिंचवड
अबोली, मी सांगते. दुसरा गुणाकार बाजूला ठेव, आधी पहिला. त्यात क्वेरीतल्या प्रत्येक शब्दाची त्या डॉक्युमेंटनुसार प्रॉबॅबिलिटी काढून त्या गुणतात. समज क्वेरी आहे 'पुणे मेट्रो भाडे'. एका बातमीत पुणे आहे, मेट्रो आहे, पण भाडे कुठेच नाही, त्या बातमीने तिकीटदर लिहिलंय. नुसती त्या डॉक्युमेंटमधली वारंवारता घेतलीस तर भाडेची प्रॉबॅबिलिटी शून्य, गुणाकार शून्य, म्हणजे इतकी कामाची बातमी यादीत शेवटी. म्हणून जो शब्द डॉक्युमेंटमध्ये नाही त्याला ते अख्ख्या कलेक्शनमधली वारंवारता देतात. कलेक्शनमध्ये १० लाख शब्द आणि त्यात भाडे ५० वेळा असेल तर ०.००००५. लहान आहे, पण शून्य नाही, सगळा खेळ त्यातच आहे.
आता दुसरा. त्यात क्वेरीत नसलेल्या प्रत्येक शब्दासाठी (१ − त्याची प्रॉबॅबिलिटी) हा आकडा येतो. डॉक्युमेंटमध्ये न विचारलेल्या गोष्टींचा भरणा असेल तर त्याचा स्कोअर तेवढा खाली येतो. नंतर बहुतेकांनी मल्टिनॉमियल मॉडेल धरलं (फक्त क्वेरीतल्या शब्दांच्या प्रॉबॅबिलिटी गुणणारं), त्यात हा दुसरा गुणाकार नाही, म्हणून हल्लीच्या नोट्समध्ये तुला तो दिसला नसेल.
रिस्क (फॉर्म्युल्यातला आर) म्हणजे, एका डॉक्युमेंटवरून काढलेला अंदाज किती भरवशाचा. सँपल अगदी तोकडं असतं ना. म्हणून तो शब्द ज्या ज्या डॉक्युमेंटमध्ये आहे त्या सगळ्यांची सरासरी त्यात मिसळतात. शब्द भरपूर वेळा आला असेल तर आर लहान होतो आणि डॉक्युमेंटचा स्वतःचा आकडा वरचढ ठरतो, एखाददुसऱ्या वेळी आला असेल तर सरासरीचा वाटा वाढतो. एक कागद घे आणि टीएफ (शब्द डॉक्युमेंटमध्ये किती वेळा आला) १ आणि १० ठेवून आर स्वतः काढ, लगेच दिसेल.

डेटावाला_हिंजवडी
१९९८ चं कोण वाचतं आता, सगळं डेन्स रिट्रीव्हलवर (न्यूरल मॉडेलने अर्थाचे व्हेक्टर काढून शोधणं) गेलंय. सरांना सांगा पेपर बदलून द्या.

मेधा_चिंचवड
शुक्रवारी सबमिशन आहे आणि पेपर कुठे बदलायला सांगताय तिला? आणि २०२१ चा बीइआयआर बेंचमार्क बघा, ट्रेनिंगबाहेरच्या डेटावर साधा बीएम२५ (शब्द जुळवून स्कोअर देणारा जुना फॉर्म्युला) बऱ्याच डेन्स मॉडेल्सना भारी पडला होता. जुनं कळल्याशिवाय ते का झालं हे कसं सांगणार?

डेटावाला_हिंजवडी
तो बेंचमार्क आला त्यानंतर मॉडेल्स खूप सुधारलीत. इंडस्ट्रीत काय लागतं ते सांगतोय मी.

जुना_प्राध्यापक
मॅनिंग, राघवन, शुत्झे यांच्या पुस्तकातलं १२ वं प्रकरण वाचा. अप्पा बळवंत चौकात मिळेल.

वारज्याचा_विनू
ते पुस्तक नेटवर फुकट आहे सर, लेखकांनीच ठेवलंय.

सोनचाफा
विषय निघालाय म्हणून विचारते, मराठीवर कुणी काम करतंय का? पुणे, पुण्यात, पुण्याहून, पुण्यातल्यांना, इतकी रूपं की स्टेमर (शब्दाचं मूळ रूप काढणारा प्रोग्रॅम) नसेल तर मॉडेल कुठलंही घ्या, हाती काही लागत नाही. फायर या भारतीय आयआर फोरममध्ये २००८ पासून भारतीय भाषांवर काम चालू आहे, मराठी कलेक्शनही आहे, पण आपल्याकडच्या कोर्सेसमध्ये त्याचं नाव निघत नाही, फार वाईट वाटतं.

वारज्याचा_विनू
सोनचाफा, वेगळा धागा काढा, मी येतो. अबोली, क्रिटिकसाठी प्रयोगाचा भाग धरा. तुलना टीएफ-आयडीएफशी (शब्द डॉक्युमेंटमध्ये किती आणि कलेक्शनमध्ये किती दुर्मीळ यावरून स्कोअर देणारी जुनी पद्धत) आहे, ती बेसलाइन, म्हणजे तुलनेची पद्धत, नक्की कशी बांधलीय ते बघा. २००९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि इतरांनी दाखवलं होतं की बऱ्याच पेपरांतली सुधारणा कमकुवत बेसलाइनपुढे मोजलेली असते, वर्षं गेली तरी एकूण पातळी पुढे सरकत नाही. या पेपरला तो आक्षेप लागू होतो का, यावर अख्खं पान होईल.

अबोली_कोथरूड
मेधाताई, आर काढून बघितला, कळलं! खूप आभार. विनू, तक्त्यात टक्क्यांच्या शेजारी आय/डी असा कॉलम आहे, तो काय?

मेधा_चिंचवड
जितक्या क्वेरींत दोन पद्धतींचा निकाल वेगळा आला त्यांची संख्या खाली, त्यातल्या जितक्यांत नवी पद्धत सरस ठरली ती वर. शेजारी साइन टेस्ट आणि विल्कॉक्सन या सांख्यिकी चाचण्या आहेत (फरक योगायोगाने आला का ते तपासणाऱ्या), त्यांच्यासोबतच वाच. सरासरी वाढलेली असते, पण मोजक्या क्वेरींनीच ती वर खेचलीय का हे या कॉलमवरून कळतं. क्रिटिकची सुरुवात तिथूनच कर.