टँकर की बोअर? नव्या प्लास्टरचा स्विमिंग पूल भरताना

दादा, नवं प्लास्टर झालेला पूल बोअरनं भरावा की टँकरनं, असं तुम्ही विचारलंय. वर एकांनी 'बोअर, फुकटात काम' असं सुचवलंय, पण घाई करू नका. आपल्या इंदूरात काळ्या दगडातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. बादलीच्या कडेला बसतो तो पांढरा थर पुलाच्या भिंतीवरही बसेल. त्यात लोह असलं तर क्लोरीन पडताच पाणी तांबूस होतं आणि कोवळं प्लास्टर डाग धरतं. टँकर मागवलात तरी पाणी कुठलं ते विचारा, बरेचदा तेही बोअरचंच असतं. म्हणून दोन्हीकडचं बाटलीभर पाणी आधी तपासून घ्या.

३० बाय १५ फूट, सरासरी ४ फूट खोल म्हणजे साधारण ५१,००० लिटर, ५,००० लिटरचे दहा टँकर. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढवून आणतात, ते प्यायचं पाणी ह्यात ओतू नये असं मला मनापासून वाटतं.

आमच्या सोसायटीत टँकरवाल्यानं जाड पाइप सरळ उतारावर सोडला. तळहाताएवढा खड्डा पडला, अजून पायाला लागतो. पहिले दोन फूट साध्या नळीनंच भरा. तोंडाला जुना टॉवेल सुतळीनं बांधून ती सगळ्यात खोल जागी ठेवा. मग टँकर, पण मध्ये खंड नको, पाणी थांबलं की तिथे कायमची रेघ उमटते. पूल भरून पंप सुरू होईपर्यंत क्लोरीन टाकू नका.