इंदूरची स्टेट मिल: सुरुवातीचं साल कोणतं धरायचं?

मालवाकापूस: दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळातल्या दरबारी कापड गिरणीचं साल कुठे १८६६ दिलेलं असतं, कुठे १८७० च्या पुढचं. मूळ कागदांपर्यंत जायचं तर सुरुवात कुठून करावी?

मोडीवाचक: एकच तारीख शोधू नका. दरबारची मंजुरी, विलायतेला दिलेली यंत्रांची मागणी, इमारत आणि पहिलं सूत, या चार वेगळ्या तारखा असतात. पुढचे लेखक त्यातली हाताला लागेल ती उचलतात आणि घोळ तिथेच होतो. दरबारचे कागद मोडीत आहेत, त्यामुळे नुसती इंग्रजी प्रशासकीय अहवालांची फाईल पाहून थांबू नका. अहवालात खर्चाची रक्कम मिळते, मंजुरीचा हुकूम मात्र मोडीतच सापडतो. सेंट्रल इंडिया एजन्सीचं (मध्य भारतातल्या संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश कचेरीचं) दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, तेही ताडून घ्या.

खंडवालाईन: १८६६ साली सूत निघालं असेल हे मला पटत नाही. रेल्वे तेव्हा कुठे खंडव्याला पोचत होती. इंदूरच्या फाट्यासाठी तुकोजीरावांनी एक कोटीचं कर्ज दिलं ते १८७० मध्ये (१०१ वर्षं, साडेचार टक्के), आणि गाडी इंदूरला आली त्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी बॉयलर आणायचा म्हणजे खंडव्याहून कच्चा रस्ता, नर्मदेवर पूल नाही, आणि पुढे विंध्याचा घाट. पावसाळ्याचे महिने वायाच. म्हणून १८६६ हे फार तर मंजुरीचं किंवा मागणीचं साल वाटतं. वाहतुकीच्या खर्चाच्या नोंदी मिळाल्या तर त्या सगळ्यांत भरवशाच्या, कारण माल येईपर्यंत भाडं कुणी चुकतं करत नाही.

मोडीवाचक: बरोबर. आता सनांबद्दल, कारण एक-दोन वर्षांची चूक बहुधा इथेच शिरते. फसली सन (शेतसाऱ्याच्या हिशेबाचं वर्ष) १३०० दक्षिणी रीतीने १८९०-९१ येतं, उत्तरी रीतीने १८९२-९३. त्याच दप्तरात फसली आणि इसवी असे दोन्ही सन दिलेला एखादा कागद शोधा आणि त्यावरून रीत ठरवा, मगच बाकीचे सन फिरवा. सावकारांच्या वह्यांत विक्रम संवत असतो. वही दिवाळीला बदलत असेल तर दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा करा, जानेवारी ते दिवाळी ५६. चैत्री संवतात ५७ चैत्रापासूनच वजा होतात. म्हणजे चैत्र ते दिवाळीच्या नोंदीत अख्ख्या एका वर्षाचा फरक.

साचाखाता: यंत्रावरची पाटी पाहायला मिळाली तर साल आणि अनुक्रमांक दोन्ही टिपा. पण पाटीवरून मिलचं वय काढू नका. साचे (माग) जुने विकत घेतले जात आणि दुरुस्तीत बदललेही जात. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची पाटी असेल तर त्या कारखान्याचे कागद प्रेस्टनच्या लँकशायर अभिलेखागारात आहेत. कारखान्याचं नाव आणि अनुक्रमांक पत्रात लिहा. नुसतं 'इंदूरची मिल' म्हटलं तर शोधणाऱ्याला धागा मिळत नाही.

मालवाकापूस: मग आधी वाहतुकीचे हिशेब, नंतर मंजुरीचा हुकूम, या क्रमाने बघतो. एजन्सीच्या कागदांत १८६५ ते १८७५ पुरे की मागे जावं?

खंडवालाईन: १८६० पासून घ्या. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते ६५, कापसाचे भाव चढले होते. गिरणीचा विचार दरबारात त्याच वर्षांत निघाला असेल तर पहिला पत्रव्यवहार तिथेच असणार.