मदत हवी आहे: बाळ आणि दमा असलेल्या घरात सिट्रोनेला डिफ्युझर चालेल का?

आम्ही जुळे सोलापूरला राहतो, पाणी रोज येत नाही म्हणून बॅरल भरून ठेवावेच लागतात, झाकण लावतो, दर आठवड्याला घासतो तरी संध्याकाळी डास येतातच. घरात दहा महिन्यांचं बाळ आणि सासूबाईंना दमा, त्यामुळं कॉइल, धूप, कडुलिंबाचा धूर सगळं बंद केलंय. मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी आहे. आता सिट्रोनेला नाहीतर गवती चहाचं तेल पाण्याच्या डिफ्युझरमध्ये टाकावं म्हणतेय. निलगिरी, कापूर लहान बाळाला नको हे माहितीय, ते सुचवू नका प्लीज, आणि अंगाला काही लावायचं नाहीये. कुणी असल्या घरात वापरलंय का, हॉलमध्ये खिडक्या उघड्या ठेवून लावलं तर दमेकऱ्याला त्रास होतो का आणि थेंब किती टाकायचे?