अपडेटनंतर पीसी मधेच रीस्टार्ट होतोय, फॉरमॅट न मारता काही उपाय?

चाटीगल्ली_डिझायनर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी जॅकार्डची (विणतानाच नक्षी काढणाऱ्या यंत्राची) डिझाईनं काढते. विंडोज ११ प्रो, वेगळं ग्राफिक्स कार्ड. गेल्या आठवड्यात अपडेट पडलं, तेव्हापासून पीसी मनाला येईल तेव्हा रीस्टार्ट. निळी स्क्रीन नाही, सूचना नाही. काळोख आणि थेट लोगो. रात्री चालू ठेवलेलं काम सकाळी गायब, ते वेगळंच. २६८८ हुकांची (नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलणारे आकडे) बॉर्डर अर्धी झालीय आणि खाली मास्तर पेनड्राईव्हची वाट बघत बसलेत. मेन्टेनन्सचा मुलगा म्हणतो, "मॅडम, फॉरमॅट मारू." डिझाईनचं सॉफ्टवेअर परत बसवायला पुण्याहून माणूस येतो, त्यामुळे ते सोडून सांगा.

लाईट_आली_का
ताई, सोलापुरात पहिला संशय लाईटवरच घ्यायचा की ओ. यूपीएसची बॅटरी बघितली का? आणि ह्या उन्हात कॅबिनेटमध्ये कारखान्याची रुई किती साचलीय तेही बघा.

चाटीगल्ली_डिझायनर
रुई ब्लोअरने काढली. शेजारचा अकाउंट्सचा पीसी त्याच यूपीएसवर आहे, तो एकदाही पडला नाही.

जुना_सिस्टीमवाला
मग अंदाज बास. विंडोज सगळं लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टम, आणि फिल्टरमध्ये 41,1074 टाका. १०७४ म्हणजे कुणीतरी रीतसर रीस्टार्ट मागितला; कोणत्या प्रोसेसने, तेही तिथेच असतं. ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होताच पुन्हा चालू झालं. ४१ च्या डिटेल्समध्ये 'बगचेककोड', म्हणजे कोसळण्याच्या कारणाचा आकडा, बघा. शून्य असेल तर सहसा वीज, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) नाहीतर गरम होणं. दुसरा आकडा असेल तर विंडोज स्वतः कोसळलंय. निळी स्क्रीन दिसत नाही, कारण स्टार्टअप अँड रिकव्हरीत 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ला टिक असते. ती काढा.

चाटीगल्ली_डिझायनर
दोन्ही निघाले! पहाटेचे १०७४, त्यात अपडेटचं नाव. दिवसाचे सगळे ४१, कोड २७८. आणि वेळा जुळवल्या तर दरवेळी मी टॉवेलचा थ्रीडी प्रिव्ह्यू उघडलेला होता.

जुना_सिस्टीमवाला
म्हणजे दोन वेगळी दुखणी आहेत, एकच समजून बसलात तर दोन्ही राहतील.

२७८ हा दशमान आकडा, नेटवर शोधताना तो हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या आकड्यांत) 0x116 होतो: व्हिडिओ टीडीआर फेल्युअर. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) रीसेट करून बघतं; तेही जमलं नाही की कोसळतं. कार्डही खराब असू शकतं, पण तुमचं सुरूच अपडेटनंतर झालंय, म्हणजे आधी ड्रायव्हर. अपडेटच्या हिस्टरीत ड्रायव्हर अपडेट्स बघा, डिस्प्लेचा दिसेल. डिव्हाइस मॅनेजरमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येईल.

पहाटेच्या रीस्टार्टला उपाय म्हणून ॲक्टिव्ह अवर्स (अपडेटसाठी रीस्टार्ट करायचा नाही अशी ठरवलेली वेळ) आहेत, पण ते जास्तीत जास्त १८ तासांचे. रात्रभर काम लावायचं असेल तर त्या आठवड्यात अपडेट पॉझ करा.

चाटीगल्ली_डिझायनर
दादा, रोल बॅकचं बटण पुसट आहे, दबतच नाही.

जुना_सिस्टीमवाला
जुना ड्रायव्हर मशीनवर उरला नाही की तसं होतं. कार्डवाल्याच्या साइटवरून आधीची आवृत्ती उतरवा आणि बसवताना 'क्लीन इन्स्टॉल' निवडा. मग ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची जागा) 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' चालू करा. तुमचं प्रो आहे म्हणून जमेल, होमवाल्यांना ग्रुप पॉलिसीच नसते.

चाटीगल्ली_डिझायनर
केलं. दुपारपासून तोच प्रिव्ह्यू फिरवतेय, पडला नाही. बॉर्डर मशीनवर चढली. मुलगा मात्र म्हणतोय, फॉरमॅटनेही झालं असतं.

जुना_सिस्टीमवाला
झालं असतं की, संध्याकाळपर्यंत. मग विंडोजने अपडेटमधून तोच ड्रायव्हर परत ओढला असता.