देस्पिच सरांचं नाव घ्यायलाच हवं

वर कुणीतरी म्हटलंय की मिठाच्या पाण्यावरची ॲल्युमिनियम बॅटरी अगदी नवीन आहे, पण बेलग्रेडचे प्रोफेसर अलेक्सांदर देस्पिच (१९२७-२००५) सत्तरच्या दशकातच यावर काम करत होते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच आडवा येतो, तर यांनी ॲल्युमिनियममध्ये इंडियम, गॅलियम हे दुसरे धातू अगदी चिमूटभर मिसळून बघितले आणि थर ढिला पडला, प्लेट साध्या खाऱ्या पाण्यात करंट द्यायला लागली. खाली पांढरा लगदा साचतो तो काढायचा, प्लेट झिजली की नवीन घालायची, चार्जिंगची भानगडच नाही! पुढे १९९४ ते ९८ ते सर्बियाच्या विज्ञान आणि कला अकादमीचे अध्यक्षही होते, पण मला ती प्लेटच जास्त मोठी वाटते.