स्लॅशरमधला सुरा कडकीमुळे आला म्हणे!

बर्डी_नाईट_शो
काल कुणीतरी इथे ठोकून दिलं की स्लॅशरमध्ये, म्हणजे एकेकाला गाठून मारत सुटणाऱ्या खुन्याच्या सिनेमात, सुरा-कुऱ्हाड आली ती निव्वळ कडकीमुळे. पैसे असते तर 'हॅलोविन'मधल्या खुनी मायकल मायर्सनंही बंदूकच चालवली असती. वाचून डोकं सटकलं. अहो, बंदुकीनं सीन एका गोळीत संपतो. सुऱ्याला हातभर अंतरावर यावंच लागतं, दोघं एकाच फ्रेममध्ये. आणि घरातली वस्तू बळीच्याही हाताला लागते. 'हॅलोविन' (१९७८) मध्ये नायिका लॉरी आधी विणायची सुई मायकलच्या मानेत खुपसते, मग कपाटातला तारेचा हँगर डोळ्यात, मग त्याचाच सुरा त्याच्यावर. 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) मध्ये खुनी मिसेस वूर्हीज जी मॅशेटी (लांब पात्याचा कोयता) घेऊन धावते, त्याच मॅशेटीनं ॲलिस तिचं मुंडकं उडवते. याला कडकी म्हणायचं?

कडकी_टॉकीज
"कुणीतरी" काऊन, नाव घ्या नं माझं! 'हॅलोविन' सुमारे ३ लाख डॉलरमध्ये झाला, मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कच्या मुखवट्याला पांढरा रंग फासलेला. 'सायको' (१९६०) खुद्द हिचकॉकनं टीव्हीचं युनिट घेऊन ब्लॅक अँड व्हाइटमध्ये उरकला, रक्त म्हणून चॉकलेट सिरप. ही काटकसर नाही तर काय?

प्रॉपवाला_इतवारी
सुरा स्वस्त पडतो म्हणणाऱ्यानं प्रॉप हातात तरी घेतला आहे का? एका सुऱ्याचे कमीत कमी तीन करावे लागतात. क्लोजअपला बोथट ॲल्युमिनियमचा, पळापळीला रबरी, आणि रुतलेला दाखवायला अर्धं पातं कापून पट्टीवर बसवलेला, जो शर्टाखाली बांधतात. रक्त हवं तर कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूनं सलाइनची बारीक नळी चिकटवायची, सिरिंज तळहातात. नळी आधीच भरून ठेवली नाही तर आधी हवा येते आणि वार होऊन गेल्यावर रक्त टपकतं. पातं मुठीत सरकणारा स्प्रिंगचा सुरा तर नकोच. नकली रक्ताचं सिरप आत गेलं की पातं अडकतं आणि खरंच टोचतं.

कडकी_टॉकीज
विषय काय, तुम्ही बोलता काय.

मे_महिन्यात_शूटिंग
नाही, बोलू द्या त्यांना, पण अर्धवट नको. नागपुरात ४५ डिग्रीत ग्लुकोज सिरप पातळ होऊन नळीतून आपोआप गळतं, आणि एसीच्या खोलीत तेच पुढं सरकत नाही. पाण्याचं प्रमाण बाहेर उन्हात ठरवलं असेल तर आत पुन्हा ठरवा. नुसता लाल रंग कॅमेऱ्यात गुलाबी दिसतो, थोडा पिवळा आणि चिमूटभर कोको हवाच. मुंग्यांचं तर विचारूच नका.

प्रॉपवाला_इतवारी
पिवळा हॉलिवूडचा मेकअपवाला डिक स्मिथ याच्या नकली रक्ताच्या फॉर्म्युल्यातही होता, नवीन काय सांगितलं? त्यातलं फोटो-फ्लो (फिल्म धुताना वापरायचं द्रव) मात्र विषारी, तोंडातून येणाऱ्या रक्तात ते चालत नाही. हे न सांगता रेसिपी वाटत सुटायचं म्हणजे कमाल आहे.

मे_महिन्यात_शूटिंग
मी फोटो-फ्लो म्हटलंच कुठे बे? वाचत जा आधी. आणि नळीचा एवढा तोरा नको. 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये केविन बेकनच्या गळ्यातून बाण येतो त्या शॉटला नळी पंपावरून निसटली होती. मेकअपवाल्या टॉम सॅविनीच्या सहाय्यकानं ती तोंडात धरून फुंकली, म्हणून रक्त तसं उसळलं.

बर्डी_नाईट_शो
मंडळी, रक्त पुसा. प्रथा पडली ती 'फ्रायडे'च्या १९८०च्या यशानंतर. पुढच्या प्रत्येकाला पोस्टरसाठी नवं हत्यार हवं होतं. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' (१९८१) खाणीत घडतो म्हणून कुदळ, 'द बर्निंग' (१९८१) मध्ये बागेची कात्री, 'स्लंबर पार्टी मॅसेकर' (१९८२) मध्ये ड्रिल. जागा ठरली की हत्यार ठरलं.

कडकी_टॉकीज
म्हणजे धंदा! पैशाचाच मुद्दा झाला नं शेवटी. बरं, 'सायको'त सुरा पैशासाठी नव्हता हे मान्य, घ्या, पेढे वाटा. पण 'टेक्सस चेनसॉ मॅसेकर' (१९७४) मधली चेनसॉ, म्हणजे मोटरची करवत?

प्रॉपवाला_इतवारी
ती तर दिग्दर्शक टोबी हूपरला दुकानातल्या गर्दीत सुचली, असं तो स्वतःच सांगायचा. आणि त्या सिनेमात चेनसॉनं एकच जण मरतो. पहिला खून हातोड्यानं आहे. आधी सिनेमा पाहा.

कडकी_टॉकीज
पाहिलाय. हातोडा चेनसॉपेक्षा स्वस्तच येतो.

मे_महिन्यात_शूटिंग
कोको गरम पाण्यात आधी कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या नळीत अडकतात. हे कुणी लिहिलंच नाही.